ढालीचा पट्टा

२०२५ सालच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी पवित्र शुक्रवारची क्रूसाची वाट सजीव रूपात करण्याचे ठरविले. सजीव क्रूसवाट आमच्याकडे नवी नाही. परंतु तोवर तिच्यातील रोमन शिपायांच्या हाती पुठ्ठ्याच्या, सोनेरी कागद चिकटविलेल्या ढाली असत आणि चौथ्या स्थानापर्यंत पोचेतो वाऱ्याने त्यांची लक्तरे होत. या वेळी तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका मुलाने एका पुस्तकातून रोमन ढालीची मापे आणली आणि खरीखुरी ढाल करावयाची असा हट्ट धरला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लाकडाचा प्रश्न आला की बांबूचे नाव प्रथम निघते, आणि बांबूचे नाव निघाले की बुरुडाचे घर. आमच्या गावच्या बुरुडाने पातळ कामट्यांचे दोन तट्टे विणून दिले. मुलांनी ते सरस लावून एकमेकांवर आडवे-उभे चिकटविले आणि ओले असतानाच एका जुन्या पिंपाला दोरखंडाने आवळून ठेवले. तीन दिवसांनी दोर सोडला, तेव्हा पन्हाळीसारखी वळलेली चार फुटी ढाल उभी राहिली. तीवर मांजरपाट, त्यावर लाल रंग, मध्यभागी लोहाराने ठोकून दिलेली लहान कढई पालथी बसविलेली, तिच्यामागे मुठीसाठी आडवा दांडा. किराणा दुकानाच्या काट्यावर ती सहा किलोंच्या आसपास भरली.

येथवर सारे सुरळीत पार पडले. अडचण निघाली ती क्रूसवाटेच्या तालमीत. आमच्या देवळापासून टेकडीपर्यंतची वाट सुमारे तीन किलोमीटरची. एका मुठीने सहा किलोंची ढाल धरून उन्हात चालणे किती वेळ जमते, हे ज्याने केले असेल त्यालाच ठाऊक. दुसऱ्याच स्थानाशी शिपायाचा हात थरथरू लागला. मुलांनी मुठीच्या दांड्याच्या दोन टोकांना नायलॉनची दोरी बांधून ढाल गळ्यात अडकविली. ती लगेच तोंडघशी पुढे कलली, खालची कड टाचांवर आपटू लागली आणि दोरी मानेत रुतली. अखेर आम्ही ती ढाल घेऊन बाजारातील चर्मकाराकडे गेलो. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “फादर, हे लढाले हाय का चालाले?”

या एका प्रश्नाने आम्हांस पुस्तकांच्या कपाटाकडे परत पाठविले. आम्ही सेमिनरीत नव्या कराराच्या ग्रीकचे थोडेफार पाठ घेतले, रोमन साम्राज्याचा इतिहासही वाचला. परंतु तो सारा लढायांचा इतिहास होता. शिपाई चालतो कसा, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

रोमन पायदळाच्या मोठ्या ढालीला लॅटिनमध्ये ‘स्कूटुम’ म्हणत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने तिचे वर्णन करून ठेविले आहे: अडीच फूट रुंद, चार फूट लांब, लाकडाच्या दोन थरांना बैलाच्या सरसाने जोडलेली, वरून आधी तागाचे कापड, मग वासराचे कातडे, वरच्या व खालच्या कडेस लोखंडी पट्टी, म्हणजे वरून बसणारा तलवारीचा घाव सोसावा आणि जमिनीवर टेकविली तर झिजू नये, मध्यभागी लोखंडी फुगवटा. सरस हा शब्द वाचून आमच्या मुलांना फार आनंद झाला. आपण नकळत बरोबर केले, असे त्यांना वाटले.

या वर्णनाला दुजोरा देणाऱ्या दोन ढाली जमिनीतून निघाल्या आहेत. पहिली १९०० साली इजिप्तच्या फायूम भागात, कस्र अल्-हारित येथे सापडली. ती १२८ सेंटिमीटर उंच व साडेत्रेसष्ट सेंटिमीटर रुंद, भूर्जवृक्षाच्या पट्ट्यांच्या तीन थरांची, वर लोकरीचा नमदा चढविलेली आहे. दुसरी सीरियातील दुरा-युरोपोस या सरहद्दीवरील नगरीत सापडली. हे नगर इसवी सन २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेच्या हाती पडले आणि १९२८ ते १९३७ या काळात त्याचे उत्खनन झाले. तेथील ढाल सुमारे एक मीटर उंच, आयताकृती व वळलेली आहे. तिच्या लाल पृष्ठभागावर गरुड, विजयदेवता आणि सिंह रंगविलेले आहेत. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. सिंहाचे चित्र पाहताच आमच्या मुलांना चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवरील गोंड राजांचा हत्तीवर मात करणारा सिंह आठवला. आमच्या ढालीवर त्यांनी तोच काढला असता. आम्ही कसेबसे थांबविले.

अभ्यासकांनी या ढालींच्या प्रतिकृती बनवून वजन केले, तेव्हा दुरा येथील ढाल साडेपाच किलोंच्या आसपास आणि फायूमची दहा किलोंच्या आसपास भरली. आता हे वजन घेऊन चालावयाचे किती? रोमन लष्करी शिक्षणावर ग्रंथ लिहिणारा व्हेजेशियस सांगतो की, नव्या शिपायाने उन्हाळ्याच्या दिवसांतील पाच तासांत वीस मैल चालले पाहिजे. रोमन मैल म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. वीस मैल म्हणजे तीस किलोमीटर झाले. लढाई वर्षातून एखादे वेळी, कधी कित्येक वर्षांतून एकदा. चालणे मात्र रोजचे.

आणि चालताना शिपायाचे हात मोकळे नसत. मारियस या सेनापतीच्या काळापासून सामानाचे गाडे व जनावरे कमी करून ओझे शिपायाच्याच खांद्यावर देण्याची पद्धत पडली, म्हणून लोक या शिपायांना ‘मारियसची खेचरे’ म्हणू लागले. रोममधील ट्रायानच्या स्तंभावर (इ. स. ११३) डॅन्यूब नदीवरील नावांच्या पुलावरून निघालेले सैन्य कोरलेले आहे. शिपाई बोडके आहेत, शिरस्त्राण खांद्याशी लटकत आहे, खांद्यावर काठी असून तिच्या टोकाला गाठोडे, भांडे, जाळी बांधलेली आहे, आणि ढाल डाव्या अंगाला आहे. आपल्याकडील कावड दोन्ही बाजूंना समतोल असते. रोमन काठीचे ओझे एकाच टोकाला, मागच्या अंगाला, त्यामुळे पुढचे टोक हाताने दाबून धरावेच लागते. मग ढाल धरणार कोण?

याचे उत्तर आम्हांस योसेफसकडे मिळाले. हा यहुदी याजककुळातील इतिहासकार. प्रथम रोमनांविरुद्ध गालिलातील सेनानी, पुढे त्यांचा कैदी, पुढे त्यांच्याच आश्रयाने लिहिणारा. त्याच्या चारित्र्याविषयी काहीही मत असो, इसवी सन ६७ मध्ये गालिलावर चालून आलेले सैन्य त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. तो लिहितो की, पायदळाच्या शिपायाजवळ भाला व लांबट ढाल असते. शिवाय करवत, टोपली, फावडे, कुऱ्हाड, चामड्याची वादी, विळा, साखळी आणि तीन दिवसांची शिदोरी असते. त्यामुळे तो आणि ओझ्याचे खेचर यांत थोडाच फरक उरतो. या यादीतील ‘वादी’ वाचून आम्ही पुस्तक मिटले व चर्मकाराला निरोप धाडला. ही वादी ढालीसाठीच होती असे योसेफस म्हणत नाही. ती लाकडे बांधण्यास, गुरे ओढण्यास, कैद्याचे हात आवळण्यासही उपयोगी पडत असेल. पण ज्याच्या कंबरेला वादी आणि हातात सहा किलोंची ढाल आहे, तो त्या दोहोंची गाठ मारणार नाही, हे मानणे कठीण आहे.

दुसरा धागा ढालीच्या खोळीचा. सरसाने जोडलेले लाकूड पावसात भिजले की उकलते, म्हणून मार्गावर ढालीवर कातड्याची खोळ चढविलेली असे. स्वित्झर्लंडमधील व्हिंडोनिसा व ब्रिटनमधील कार्लियन येथील रोमन छावण्यांच्या जागी अशा खोळींचे बकऱ्याच्या कातड्याचे तुकडे मिळाले आहेत. इसवी सनापूर्वी ५७ मध्ये सीझरच्या सैन्यावर गॉल प्रांतात नदीकाठी अचानक हल्ला झाला, तेव्हा शिपायांना शिरस्त्राणे घालण्यास आणि ढालींच्या खोळी काढण्यासही अवसर मिळाला नाही, असे तो स्वतःच नमूद करतो. म्हणजे ढाल वाटेवर बांधलेली, झाकलेली, टांगलेली असे. ती हाती येण्यास वेळ लागे. त्याच वर्षीच्या मोहिमेत वेढ्यात सापडलेल्या आदुआतुकी लोकांनी झाडाची साल व वेताच्या विणकामाच्या ढाली घाईघाईने बनवून त्यांवर कातडी चढविली, असेही सीझर सांगतो. व्हेजेशियसही नवशिक्यांच्या सरावासाठी विणलेल्या, नेहमीच्या दुप्पट वजनाच्या ढालींचा उल्लेख करतो. आमच्या बुरुडाला हे सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला की, दुप्पट वजनाची पाहिजे असेल तर कटांग बांबू आणावा लागेल.

ढालीला पट्टा असणे ही रोमनांची नवलाई नव्हे. होमरच्या महाकाव्यात हेक्टर रणांगणातून नगराकडे निघतो, तेव्हा त्याच्या मोठ्या ढालीची काळ्या कातड्याची कड चालताना वर मानेला आणि खाली घोट्यांना थडकत असते. ही ढाल पाठीवर टाकलेली आहे, हे उघड आहे. आमच्या मुलांची झालेली गत तीच. त्याच काव्यात आयास या वीराचे प्राण त्याच्या छातीवरील दोन पट्ट्यांनी वाचतात, एक ढालीचा व दुसरा तलवारीचा: हेक्टरचा भाला नेमका ते जेथे एकमेकांवर येतात तेथे बसतो.

आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ढाल म्हटली की वेगळीच वस्तू येते. ती गोल, कासवाच्या पाठीसारखी फुगीर, म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याची, क्वचित पोलादी; दर्शनी बाजूस चार फुले. ती फुले केवळ शोभेची नव्हेत. त्यांच्याखालील खिळ्यांना आतल्या बाजूने कड्या असतात आणि त्या कड्यांत मुठीच्या दोन वाद्या ओवलेल्या असतात. वाद्यांखाली लहानशी चौकोनी गादी असते, म्हणजे घाव बसला तर बोटांची हाडे मोडू नयेत. लगाम आणि भाला सांभाळणारा स्वार हीच ढाल पट्ट्याने पाठीवर टाकी. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील शस्त्रदालनात जाणाऱ्यांनी ढाल समोरून पाहून पुढे सरकू नये. काचेतून वाकून तिची आतली बाजू दिसते का पाहावे. ढाल बनविणाऱ्याचे डोके तेथे कळते.

हा फरक आम्हांस एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. संत पौलाच्या नावे असलेल्या इफेसकरांस पत्रात विश्वासाला ढालीची उपमा दिली आहे. मराठी वाचताना आपल्याला स्वाराची गोल ढाल दिसते. मूळ ग्रीक शब्द मात्र ‘थुरेओस’ असा आहे, आणि तो ‘थुरा’ म्हणजे दार या शब्दापासून आला आहे. पॉलिबियस स्कूटुमसाठी वापरतो तोच हा शब्द. योसेफसच्या यादीतही तोच. दाराएवढी ढाल! हाताच्या चपळाईने वार चुकविण्याची ही ढाल नव्हे, हिच्यामागे संपूर्ण माणूस उभा राहतो. पण दार पाठीवर घेऊन तीस किलोमीटर चालावेही लागते. आम्ही या उताऱ्यावर अनेकदा प्रवचन केले आहे आणि प्रत्येक वेळी अग्निबाणांविषयी बोललो. वजनाविषयी कधी बोललो नाही. हे पत्र लिहिणारा स्वतःला बेड्यांत असलेला वकील म्हणवितो. प्रेषितांच्या कृत्यांनुसार पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली होता. राहुटी करणारा हा कारागीर कातडे शिवत होता की बकऱ्याच्या केसांचे कापड, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण टाका, वादी आणि ओझे या गोष्टी त्याला शिकवाव्या लागल्या नसतील.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती कळल्यावर आमच्या मुलांचे चेहरे उतरले, आणि आम्ही ती त्यांना पट्टा तयार होईपर्यंत सांगितली नाही. येशूच्या मृत्युदंडाच्या वेळी यहुदियात रोमन लीजन नव्हते. पोंतियस पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात तेथे अधिकारी होता. त्या भागातील चार लीजने उत्तरेस सीरियात असत. पिलाताच्या हाताखाली होत्या त्या साहाय्यक तुकड्या. इसवी सन ४४ चा हिशेब योसेफस देतो: एक घोडदळाची व पाच पायदळाच्या तुकड्या, आणि त्यांचे शिपाई कैसरिया व सबस्ते या जवळच्याच नगरांतील. म्हणजे आपल्या प्रभूला क्रुसाकडे नेणारे शिपाई बहुधा रोमचे नव्हतेच. शेजारच्या गावांतून पगारावर भरती झालेली ती मुले होती. साहाय्यक शिपायांच्या ढाली ट्रायानच्या स्तंभावर सपाट व लंबगोल दिसतात. कॅलेंडरांवरील चित्रांत आणि सिनेमांत दिसणारी लाल, चौकोनी, वळलेली ढाल त्या दिवशी यरुशलेमच्या रस्त्यावर असण्याचा संभव फार थोडा.

शेजारच्या गावातील शिपाई, ही गोष्ट आमच्या भागात कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. वेठ हा शब्दही नाही. येथील जमीनदाऱ्या १९५१ साली संपल्या. तोवर जमीनदाराचे व दौऱ्यावरील अंमलदाराचे सामान एका गावातून दुसऱ्या गावात फुकट पोचविणे म्हणजे काय, हे आजही वृद्ध माणसे ऐकीव आठवणींतून सांगतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो की, कोणी तुला एक मैल चालावयास भाग पाडले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. तेथे ग्रीक पाठात ‘मिलिओन’ हा लॅटिनमधून उचललेला शब्द आहे. व्हेजेशियसच्या वीस मैलांपैकीच हा एक मैल. आणि भाग पाडणे यासाठी जे क्रियापद आहे, तेच पुढे शिमोन कुरेनेकराला क्रूस वाहण्यास लावले तेथे आले आहे. वाटसरूला धरून आपले ओझे त्याच्या डोक्यावर देण्याचा शिपायाचा हक्क तो हाच. डोंगराळ वाटेवर ढाल, काठी, करवत आणि तीन दिवसांची शिदोरी वाहणारा शिपाई तो हक्क किती वेळा बजावीत असेल, याची कल्पना आम्हांस ती ढाल पाठीवर घेईपर्यंत नव्हती. होय, आम्हीही ती घेऊन देवळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने करावे असे ते नव्हे, असे काही भगिनींचे मत पडले.

पट्ट्याची हकीकत आता थोडक्यात सांगतो, कारण इतर धर्मग्रामांतील तरुणांना ती उपयोगी पडेल. ढाल मुठीला टांगू नये. मूठ मध्यावर असते, वजनाचा मध्यही तेथेच, म्हणून ढाल तोल जाऊन गरकन फिरते. आमच्या चर्मकाराने ढाल बोटावर तोलून तो मध्य काढला, त्याच्या वर सुमारे एक वीत, दोन्ही कडांपासून चार बोटे आत, भोके पाडली, आतल्या बाजूने कातड्याचे चौकोनी तुकडे लावून बांबू फाटणार नाही याची काळजी घेतली आणि त्यांत लोखंडी कड्या बसविल्या. पट्टा म्हशीच्या कमावलेल्या कातड्याचा, तीन बोटे रुंद. याहून अरुंद असेल तर खांद्याला कापतो. तो उजव्या खांद्यावरून तिरपा छातीवर येऊन डाव्या काखेखालून मागे जातो, म्हणजे ढाल पाठीच्या डाव्या अंगाला बसते आणि तिची पन्हाळ पाठीला लागते. लांबी इतकीच ठेवावयाची की खालची कड पोटरीच्या वर राहील. बक्कल आम्ही छातीवर घेतले. रोमन शिपायाने कदाचित नुसती गाठ मारली असती; पण आमच्या शिपायांत एक चौदा वर्षांचा आणि एक सहा फुटी आहे, दोघांनाही तोच पट्टा पुरवावयाचा होता. आरीची भोके पाडताना चर्मकार म्हणाला की, ओझे खांद्याने वाहायचे नसते, पाठीने वाहायचे असते. पट्टा फक्त ते पाठीला धरून ठेवतो.

१८ एप्रिलला, पवित्र शुक्रवारी, आमची क्रूसवाट दुपारी तीनला निघाली. चंद्रपूरच्या एप्रिलातले ऊन वाचकांना सांगावयास नको. ढाल टेकडीपर्यंत टिकली. पाचव्या स्थानाशी एक गोष्ट घडली, जी तालमीत ठरलेली नव्हती. पूर्वी शिपायांचे दोन्ही हात अडकलेले असत, त्यामुळे शिमोनाची भूमिका करणारा आपणहून पुढे येऊन क्रुसाखाली खांदा देई, आणि गेली कित्येक वर्षे लोक त्याच्याकडे स्वयंसेवक म्हणून कौतुकाने पाहात. या वेळी ढाल पाठीवर होती आणि शिपायाचा डावा हात मोकळा होता. त्याने गर्दीत हात घालून शिमोनाला दंडाला धरून ओढले. शिमोन झालेला गृहस्थ खरोखरच दचकला, त्याच्या हातातील पाण्याची बाटली पडली, आणि त्याची लहान मुलगी मोठ्याने रडू लागली. प्रार्थनेचे शब्द आम्हांस क्षणभर सुचले नाहीत.

पुढील वर्षासाठी बुरुडाकडे चार लंबगोल, सपाट ढालींचे सांगून ठेविले आहे. चौकोनी ढाल मुलांना मोडवत नाही. ती पास्काच्या सामानाबरोबर सॅक्रिस्टीच्या मागच्या खोलीत उभी आहे. पट्टा तेवढा आम्ही तिच्यावरून सोडवून घेतला. त्याला तेल लावून खिळ्याला टांगला आहे. भोकांचे अंतर तेच ठेवावयास चर्मकाराने बुरुडाला बजावले आहे.